मैना का हसली नाही?

साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आपल्या घरोघरी ठाऊक आहे. वाटेगावहून मुंबईत आलेल्या आणि घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिणाऱ्या या शाहिराची ही रचना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली.

जाणकार सांगतात, मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव-कारवारचा मुलूख. ते खरेच आहे. कवीने स्वतःच शेवटी तशी तुलना केली आहे. १ मे १९६० रोजी राज्य झाले, तरी तो मुलूख बाहेरच राहिला. परंतु तेवढाच अर्थ धरला, तर गावी राहिलेली ती बाई नजरेआड होते, असे आम्हाला वाटते.

गरिबीपायी नवरा भल्या पहाटे मुंबईला निघतो. भाकरी बांधून ती त्याला वेशीपर्यंत घालवायला येते. तो पत्रांची, दागिन्यांची वचने देऊन तिला हसवू पाहतो. ती हसत नाही. हात उंचावून नुसती उभी राहते.

ती का हसली नाही? आम्हाला वाटते, तिला दागिना नको होता, माणूस हवा होता. आणि ती वचने पुरी होणे किती अवघड, हे तिने ओळखले होते. पुढे मुंबईच्या पावसात त्याच्याजवळ साधी छत्रीही नसते!

आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी. आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबत होते. इथे पाठ टेकायला जागा नव्हती, म्हणून आजी गावी राहिली. मनिऑर्डर आली की घर चालायचे. पत्र आले, तर शेजारच्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायचे. परक्याच्या तोंडून मनातले काय ऐकायचे आणि काय कळवायचे? ते प्रेम मुके राहिले, पण उणे नव्हते.

छक्कडीत नवराच बोलतो, मैनेचे उत्तर त्यात नाही. ते आपल्या आजीजवळ आहे. बंधू-भगिनींनो, १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला हे गाणे वस्तीत लागेल. ज्यांची आजी हयात आहे, त्यांनी त्या दिवशी तिच्याजवळ बसावे आणि विचारावे, “आजी, आजोबा मुंबईला निघाले तेव्हा तुला काय वाटलं गं?” ती सांगेल ते वहीत उतरून ठेवा. ही पिढी आता थोडीच उरली आहे.