किल्ली फिरवली की नुसतं 'टक टक'? दोष दरवेळी सेल्फचा नसतो

सकाळची घाई असते. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बॉनेटखालून 'टक टक टक टक' आवाज आला, पण गाडी काही सुरू झाली नाही. सोसायटीतले दोघं-तिघं जमतात आणि तिथल्या तिथे निदान होतं, "सेल्फ गेला."

संध्याकाळपर्यंत नवीन स्टार्टर मोटर बसते, काही हजारांचं बिल होतं. आणि आठवड्याभराने तीच गाडी त्याच पार्किंगमध्ये पुन्हा 'टक टक' करायला लागते. कारण बिघाड सेल्फमध्ये नव्हताच. तो बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरात होता.

असं वरचेवर होतं, कारण गाडी सुरू न होण्याचं सगळं खापर सेल्फवर फुटतं. खरं तर गाडी कोणता आवाज करते हे नीट ऐकलं, तर निम्मं निदान मेकॅनिक यायच्या आधीच होऊ शकतं.

आधी या 'सेल्फ'चं काम काय ते बघू.

पूर्वी गाडीच्या पुढून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल फिरवणाऱ्याचं मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने बनवलेला इलेक्ट्रिक 'सेल्फ स्टार्टर' आला आणि हँडलची गरज हळूहळू संपली. आपल्याकडे त्यातला 'स्टार्टर' गळून पडला आणि 'सेल्फ' तेवढा उरला.

हा सेल्फ म्हणजे छोटी पण ताकदवान मोटर. तिच्या डोक्यावर सोलेनॉइड नावाचा विजेवर चालणारा स्विच असतो. किल्ली फिरवली की सोलेनॉइड एकाच वेळी दोन कामं करतो. मोटरच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या मोठ्या रिंगमध्ये अडकवतो आणि बॅटरीचा थेट करंट मोटरला जोडतो. मोटर फिरते, इंजिन फिरतं, ते पेटलं की पिनियन मागे येतं. सगळा खेळ एक-दोन सेकंदांचा.

पण त्या एक-दोन सेकंदांत साध्या पेट्रोल कारची मोटर शंभर-दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढते, डिझेल गाडीची त्याहून जास्त. डॅशबोर्डच्या दिव्यांना त्याच्या तुलनेत नखभर करंट लागतो. म्हणून "दिवे लागतायत म्हणजे बॅटरी चांगली आहे" हा युक्तिवाद साफ चुकीचा आहे.

आता त्या 'टक टक'कडे येऊ. भराभर टकटक होते तेव्हा सोलेनॉइड आपलं काम करत असतो. तो मोटरला करंट जोडतो, पण बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल ढिलं असतं. मोटरने करंट मागितला की व्होल्टेज धाडकन पडतं, सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की ओझं जातं, व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला अनेकदा होतं, तोच तो आवाज. इथे सेल्फ बदलायला सांगणाऱ्याला आधी टर्मिनल हलवून बघायला सांगा.

एकच मोठा 'टक' येऊन पुढे शांतता असेल, तर कथा वेगळी. इथे एक सोपी चाचणी आहे. गाडीतला आतला दिवा लावा आणि किल्ली फिरवा. (हेडलाइट एलईडी असतील तर व्होल्टेज पडूनही ते फारसे मंद होत नाहीत, म्हणून आतला दिवा बरा.) दिवा एकदम मंद झाला, तर बॅटरी किंवा टर्मिनल, क्वचित मोटर जाम. दिवा तसाच लख्ख राहिला, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतच नाहीये. सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा सेल्फकडे जाणारी जाड वायर खराब आहे. सेल्फवर खरा संशय घ्यायची जागा ही.

अजिबात आवाज नाही? मग आधी क्लच पूर्ण दाबलाय का ते बघा. अनेक गाड्या त्याशिवाय सेल्फला सिग्नलच देत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर गिअर 'एन'वर आणून पुन्हा प्रयत्न करा. त्यानंतर फ्यूज, रिले आणि किल्लीचा स्विच.

मोटर नुसतीच 'घुंऽऽ' करून फिरते आणि इंजिन हलत नाही, तेव्हा पिनियनचा क्लच घसरतोय. 'खर्रर्र' असा दात घासल्याचा आवाज आला तर पुन्हा पुन्हा किल्ली मारू नका, फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो. आणि इंजिन झकास फिरतंय पण पेटत नाहीये, तर सेल्फ पूर्ण निर्दोष आहे. पेट्रोल किंवा स्पार्क तपासा.

काही गाड्या सकाळी व्यवस्थित सुरू होतात, पण लांबच्या प्रवासात पंपावर थांबलं की ढिम्म हलत नाहीत, अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. इंजिनाच्या उष्णतेने झिजलेल्या सेल्फचा किंवा सोलेनॉइडचा जोर कमी पडतो, त्याचं हे लक्षण.

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर घरी असेल तर अंदाजावर राहायची गरज नाही. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. दुसऱ्याला किल्ली मारायला सांगा. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. बॅटरी ठीक आहे, पण शंका वायरवर आहे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि किल्ली मारायला सांगा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची वायर खराब. हे करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला आणि हात-ओढणी पट्ट्यांपासून लांब.

जुगाडांबद्दल दोन शब्द. सेल्फवर हातोडीने हलकं ठोकलं की गाडी कधी कधी सुरू होते, कारण अडकलेले ब्रश हलतात. गॅरेजपर्यंत पोहोचायला एकदा ठीक. जोरात मारू नका, बऱ्याच नव्या मोटरींमध्ये आत चुंबक असतात आणि ते तडकतात. स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल थेट जोडणं मात्र विसरा. असं केल्यावर गिअरमध्ये राहिलेली गाडी पुढे उडी मारते, आणि जोडणारा तिच्या समोर वाकलेला असतो. धक्का स्टार्टचा उपाय मॅन्युअल गिअरलाच चालतो.

सेल्फ टिकवायचा तर त्याला थंड आणि कोरडं ठेवायचं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. इंजिनाचं ऑइल गळून सेल्फवर पडत असेल तर आधी ती गळती थांबवा. टर्मिनलवरचा थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून, ब्रशने घासून निघतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. नंतर वरून व्हॅसलिनचा हात.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारूच नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतले रॉड वाकतात, आणि तो खर्च नव्या सेल्फच्या कितीतरी पट असतो. गाडी टो करून न्या.

आणि सेल्फ खरंच गेला असेल, तरी लगेच नवा घ्यायची गरज नसते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तो उतरवून टेबलावर बॅटरी जोडून फिरवून दाखवतो, मग ब्रश, बुश किंवा सोलेनॉइडपैकी जे झिजलं तेवढंच बदलतो. आर्मेचर जळालं असेल किंवा बॉडीच फुटली असेल, तर नवीन. उतरवलेला जुना भाग परत मागा, झिजलेला ब्रश डोळ्यांनीही दिसतो.