मोतीबिंदूच्याच वाटेनं

मंगरूळपीर तालुक्यातला म्हातारा माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, तो बहुधा मोतीबिंदूसाठी. समोरचं धूसर झालं, रात्री येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांत फाकायला लागला, सोयाबीनमधलं तण ओळखू येईना, की घरचेच म्हणतात, "बाबाजी, आता टाका करून." मग ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी तपासतात, तारीख मिळते, किंवा एखाद्या शिबिराची गाडी घेऊन जाते. या धावपळीत कुणीतरी बाहुलीतून आत, मागच्या पडद्यावरच्या नसेकडे नीट पाहतं. नसेच्या तोंडाशी प्रत्येकालाच एक खळगा असतो, पण या बाबाजींचा फार मोठा झालेला असतो. मोतीबिंदू काढायला आलेल्या माणसाला काचबिंदूही असल्याचं असं कळतं. कुणी पाहिलंच नाही, तर कळतही नाही.

कळलं तरी पटत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, समोरचा माणूस दिसतो. काचबिंदूत नजर कडेकडेनं जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा बराच काळ झाकून ठेवतो. "मले तं दिसते न, मंग थेंब कायले टाकू?" हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्या अनुभवाला धरूनच तो बोलतोय. 2010 साली मांडलेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू होता. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत सापडलेल्या बहुतेक रुग्णांना आपल्याला हा आजार आहे, हे ठाऊकच नव्हतं.

आजाराचं मूळ डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यात आहे. हे पारदर्शक पाणी मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर एवढं तयार होत राहतं. ते जिथं बुबुळाचा पडदा आणि पारदर्शक पटल एकमेकांना भेटतात त्या कोनात पोहोचतं, तिथल्या बारीक जाळीतून झिरपतं आणि मागच्या एका गोल नळीत उतरतं. ही नळी श्लेम या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं 1830 मध्ये नोंदवली. तिचा व्यास जेमतेम पाव मिलिमीटर. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार साचले की मागे नळीत दाब वाढतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही; जाळीची वाट अडली की डोळ्यात तेच होतं. वाढलेला दाब मागच्या नसेला सोसत नाही आणि तिचे तंतू मरत जातात. मेलेला तंतू परत येत नाही, म्हणून सगळे उपचार उरलेली नजर टिकवण्यासाठीच असतात.

पाठ्यपुस्तकात 10 ते 21 मिलिमीटर पारा हा दाब 'नॉर्मल' मानतात. पण या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं 2006 ते 2008 या काळात नागपूर परिसरातल्या खेड्यांत तिशीपुढच्या 4,711 लोकांचे डोळे तपासले, तेव्हा सरासरी दाब साडेतेराच्या आसपास निघाला. म्हणजे 19 किंवा 20 दाब असलेला वैदर्भीय शेतकरी कागदावर ठीक असला, तरी त्याची नस पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

उपचाराची सुरुवात थेंबांनी होते. टिमोलॉल 1978 पासून आणि लॅटॅनोप्रोस्ट 1996 पासून वापरात आहे. दोन्ही औषधं चांगली आहेत, अडचण थेंब टाकण्यात आहे. हात थरथरतो, थेंब गालावर पडतो, बाटली महिनाभरात संपते आणि पुढची आणायला कुणी तालुक्याला जाणार असेल तरच येते. लॅटॅनोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या न फोडता फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात आणि फोडल्यावरही 25 अंशांच्या वर ठेवायच्या नसतात. वऱ्हाडातल्या मे महिन्यात हे वाक्य औषधाच्या डब्यावर वाचून हसू येतं.

दुसरं टोक म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टोमी ही शस्त्रक्रिया. केंब्रिजच्या केर्न्स यांनी 1968 मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करून पाण्याला बाहेरची वाट द्यायची, वर आवरणाखाली फुगवटा तयार होतो. दाब खूप खाली आणता येतो, म्हणून पुढे गेलेल्या काचबिंदूत आजही तीच भरवशाची. पण पहिले काही आठवडे वरचेवर तपासणी लागते, टाके सैल करावे लागतात, दाब कधी अतिच उतरतो आणि त्या फुगवट्याला जंतुसंसर्गाची भीती जन्मभर राहते. शेलूबाजारला समृद्धी महामार्गाला लागता येतं म्हणून नागपूर जवळ आलं हे खरं, तरी पेरणीच्या दिवसांत दर आठवड्याला कोण जाणार?

थेंब आणि ट्रॅबेक्युलेक्टोमी यांच्यामधली ही मोठी मोकळी जागा 'मिग्स' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म छेदाच्या शस्त्रक्रियांनी भरायला घेतली. हे नाव कॅनडातले सर्जन आइक अहमद यांनी रूढ केलं. यात बाहेरून वाट कापत नाहीत. मोतीबिंदूसाठी केलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातूनच आत शिरून अडलेली जाळी मोकळी करतात.

टेबलावर हे काम असं चालतं. रुग्ण जागा असतो, बहुतेकदा डोळा थेंबांनीच बधिर केलेला. मोतीबिंदू निघून कृत्रिम भिंग बसलेलं आहे. सर्जन बाहुली आकसवणारं औषध आत सोडतात, पुढचा कप्पा घट्ट पारदर्शक द्रवानं भरतात आणि सांगतात, "बाबाजी, मान डावीकडे वळवा. बस, तशीच ठेवा." मान तीसेक अंश वळते, सूक्ष्मदर्शकही तेवढाच कलतो. एरवी कोन समोरून दिसतच नाही, कारण तिथून येणारा प्रकाश पटलाच्या आतच परावर्तित होतो. म्हणून डाव्या हातानं पटलावर एक छोटं गोनिओ भिंग टेकवतात, टेकवायचं पण दाबायचं नाही. दाबलं की पटलाला घड्या पडतात आणि चित्र विस्कटतं. नवशिक्या सर्जनचे बरेचसे दिवस या डाव्या हातातच जातात.

भिंग नीट बसलं की तपकिरी पट्टा दिसतो. ती जाळी. आपल्याकडच्या डोळ्यांत रंगद्रव्य जास्त असल्यानं ती ओळखायला बरी पडते. उजव्या हातात असते इंजेक्शनची साधी सुई, 25 किंवा 26 गेजची, टोक वाकवलेली. टोक जाळीत अडकवून ती पट्ट्याच्या कडेनं हळूहळू सरकवतात. जाळी सोलली जाते आणि मागची पांढरट भिंत उघडी पडते. मग त्या रेषेतून रक्त किंचित उलटं झिरपतं. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, सर्जनला मात्र बरं वाटतं. नळी उघडली आणि ती पुढच्या शिरांना जोडलेली आहे, याची ती खूण. रक्त आणि द्रव धुऊन काढला की संपलं. मोतीबिंदूच्या वेळेत यासाठी थोड्याच मिनिटांची भर पडते.

सुईऐवजी धागाही चालतो. डॅलसच्या ग्रोव्हर आणि फेलमन यांनी 2014 मध्ये मांडलेल्या 'गॅट' पद्धतीत श्लेमच्या नळीतून पूर्ण गोल फिरवून आणलेलं सूक्ष्म कॅथेटर ओढून जाळी 360 अंशांत उघडतात. कॅथेटर महाग, म्हणून त्याच्या जागी टाक्यांचा प्रोलीन धागा, टोक गरम करून बोथट केलेला, अनेक सर्जन वापरतात. उलट आयस्टेंट ही टायटॅनियमची नळी, लांबी सुमारे 1 मिलिमीटर, अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झाली. बारीक, देखणी आणि परदेशी किमतीची. जिल्ह्याच्या पातळीवर विचार करायचा तर वाकवलेली सुई आणि धागा यांचंच पारडं जड आहे. नवं उपकरण म्हणजे निर्धोक उपकरण असंही नाही. सायपास नावाची नळी अमेरिकेत 2016 मध्ये आली आणि पाच वर्षांच्या पाहणीत ती पटलाच्या आतल्या पेशी घटवते असं दिसल्यावर ऑगस्ट 2018 मध्ये कंपनीनंच बाजारातून मागे घेतली.

या शस्त्रक्रियेला मर्यादाही आहेत. जाळीवरच्या कामाला कोन उघडा हवा. भारतात अरुंद कोनाचे रुग्ण पुष्कळ, त्यांचा मार्ग लेझर किंवा वेगळा. श्लेमच्या नळीपुढच्या शिरांत स्वतःचा आठ-दहा मिलिमीटरचा दाब असतो, त्याच्या खाली डोळ्याचा दाब या वाटेनं जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो मधल्या पंधरा-सोळापाशी थांबतो आणि एखाद-दुसरा थेंब सुटतो. ज्याची नस जवळजवळ गेलेली आहे, त्याला एवढं पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर दिसणं धुरकट असू शकतं, आत थोडं रक्त असतं. हे आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरतात. उशी उंच ठेवून झोपायचं, काही दिवस वाकून ओझं उचलायचं नाही. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांनीच काहींचा दाब चढतो, म्हणून पहिल्या महिन्यात दाब मोजणं चुकवू नये. याच फेरीत सोबत आलेल्या भावाचे, मुलाचे डोळेही पाहून घ्यावेत. नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात रुग्णांच्या सख्ख्या नात्यांत काचबिंदूचा धोका सुमारे नऊपट निघाला होता.

आणि वर्षा-दोन वर्षांनी दाब पुन्हा वर सरकला तर? थेंब परत सुरू होतात. तेही अपुरे पडले तर ट्रॅबेक्युलेक्टोमी करता येते, कारण डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या ज्या पातळ आवरणाखाली तो फुगवटा करायचा असतो, त्याला आतून केलेल्या या कामात कुणी हात लावलेला नसतो.