त्रेसष्टच्या हिवाळ्याचे अदमास

इंग्लंडच्या हवेची जी जुनी दप्तरे जपून ठेवलेली आहेत, त्यांत १९६२-६३ च्या हिवाळ्याचा क्रमांक तिसरा लागतो. मध्य इंग्लंडच्या १६५९ पासूनच्या तापमाननोंदींत याहून थंड असे १६८३-८४ आणि १७३९-४० हे दोनच हिवाळे सापडतात. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली २.१ अंश सेल्सियस होते, आणि हर्न बे येथे तर किनाऱ्यालगतचा समुद्रच गोठला. परंतु ही सारी कैफियत वाचताना माझे कुतूहल थंडीपेक्षा थंडीचे भाकीत करणाऱ्यांकडेच अधिक वळते.

ब्रॅकनेल येथे नुकत्याच हललेल्या हवामानखात्याच्या मुख्य कचेरीत त्या काळी नकाशे हातानेच भरले जात. ठिकठिकाणच्या नोंदी कारकुनाने काळ्या व तांबड्या शाईने बारीक अक्षरांत मांडाव्यात आणि मग जाणत्या अधिकाऱ्याने पेन्सिलीने समभार रेषा ओढाव्यात, असा शिरस्ता होता. गणकयंत्र १९५९ पासून खात्याच्या पदरी होते खरे, पण रोजच्या कारभारात त्याच्या आकडेमोडीचा अंमल अद्याप बसलेला नव्हता.

हिमवादळाचे भाकीत मुळातच नाजूक. अटलांटिकवरील आवर्ताची दमट, उबदार हवा पूर्वेकडून आलेल्या गार हवेवर चढते, तेव्हा खालचा गार थर किती जाड आहे यावर वरून निघालेले हिम जमिनीवर हिम म्हणूनच उतरणार की वाटेत वितळून पाऊस होणार हे ठरते. एका अंशाच्या फरकाने एका परगण्यातले रस्ते नुसते ओले होतात आणि शेजारच्या परगण्यातली गावे जगापासून तुटतात. २९ व ३० डिसेंबरच्या वादळाने नैऋत्य इंग्लंड आणि वेल्समध्ये गावे अशी तुटलीच. वाऱ्याने लोटलेल्या बर्फाचे ढीग काही ठिकाणी सहा मीटरांवर चढले होते.

तरीही एकेका वादळाची चाहूल घेणे त्या विद्येच्या आवाक्यातले होते. आवाक्याबाहेरची बाब होती ती मुदतीची. उत्तरेस जादा वायुभाराच्या प्रत्यावर्ताने असा काही मुकाम ठोकला की, नेहमीच्या पश्चिमी वाऱ्यांची वाटच अडली आणि पूर्वेची थंडी पुन्हापुन्हा आत येत राहिली. हा पाहुणा उठणार केव्हा, याचे उत्तर उद्याच्या नकाशात नव्हते. देशभर कोठेही दहिवर न गोठलेली वर्षातली पहिली सकाळ उजाडली ती ६ मार्चला.

दरम्यान फुटबॉलचे इतके सामने तहकूब झाले की, त्यांच्या निकालांवर पैसे लावणाऱ्यांसाठी २६ जानेवारीला लंडनमध्ये एक समितीच बसवावी लागली: चार माजी खेळाडू, एक पंच आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड ब्रॅबझन. न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी बंद दाराआड ठरविले, आणि त्यांना खोटे पाडण्याची सोय कोणापाशीच नव्हती. हवामानखात्याला असे सुख कुठले!

त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून खात्याने महिन्याभराचे अदमास प्रसिद्ध करावयास आरंभ केला. चालू हवेसारखी हवा पूर्वी कोणत्या वर्षी होती हे दप्तरांत धुंडाळायचे आणि तेव्हा पुढे जे घडले त्यावरून अनुमान बांधायचे, ही त्यातली मुख्य रीत; पण वातावरण मागचा दाखला हुबेहूब गिरवील याला जामीन कोण? रोजच्या भाकितांत यंत्राच्या आकडेमोडीला अधिकृत स्थान मिळाले ते २ नोव्हेंबर १९६५ रोजी, वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींसमक्ष. महिन्याचे जाहीर अदमास मात्र १९८० च्या अखेरीस बंद करण्यात आले. फुटबॉलची समिती पुढच्या हिवाळ्यांतही बसतच राहिली.