व्यसन आणि दंडशक्ति

एखाद्या घरांतील तरुण मुलगा मादक द्रव्यांच्या आहारीं गेला, कीं घरचीं माणसें दोन गोष्टींनीं धास्तावतात: एक लोकांची कुजबुज, दुसरी पोलिसांची भीति. म्हणून तें व्यसन कित्येक महिने झांकून ठेवलें जातें. अशा वेळीं कायदा काय करूं शकतो व काय नाहीं, हें ठाऊक असणें हिताचें आहे.

अफूवर नियंत्रण ठेवणारे कायदे आपल्याकडे 1857 व 1878 सालीं झाले; 1930 सालीं घातक मादक द्रव्यांचा कायदा आला. हे तिन्ही रद्द करून 1985 सालीं अमली पदार्थांचा कायदा करण्यांत आला. त्या दशकांत मुंबईंत हलक्या प्रतीचें हेरॉईन ‘गर्द’ या नांवानें फैलावलें होतें. 2001 सालच्या दुरुस्तीनें मालाच्या वजनाप्रमाणें शिक्षेची वर्गवारी ठरली. आज हेरॉईन 250 ग्रॅमहून अधिक सांपडल्यास किमान 10 वर्षें सक्तमजुरी आहे; 5 ग्रॅमहून कमी असल्यास फार तर 1 वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही.

मग एवढ्या धाकानें हा व्यापार थांबला कां नाहीं? एक विक्रेता गजाआड गेला, तरी गिऱ्हाईक तसेंच राहतें. तुटवड्यानें भाव चढतो, आणि त्या लोभानें दुसरा विक्रेता त्या जागीं येऊन बसतो. शिवाय शिक्षा जितकी जबर, तितकी पुराव्याची कसोटी कठोर. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्या समक्ष अंगझडती मागण्याचा हक्क आहे, हें आरोपीला आधीं सांगावें लागतें. तें न सांगितल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 सालच्या निर्णयाप्रमाणें, त्या झडतींत सांपडलेला माल पुरावा म्हणून टिकत नाहीं.

व्यसनी माणसाची गोष्ट आणखी निराळी. व्यापारी नफ्यातोट्याचा हिशेब करतो. व्यसनी माणसाचें शरीर अंमल उतरतांच दुखूं लागतें, वांत्या होतात, झोंप उडते. त्या घटकेला तुरुंगाची भीति त्याला आवरूं शकत नाहीं. पोर्तुगाल देशानें 2001 सालीं, 10 दिवस पुरेल इतका स्वतःपुरता साठा बाळगणें फौजदारी गुन्ह्यांतून वगळलें. अशा माणसाला समितीपुढें नेतात. विक्री मात्र गुन्हाच राहिली. जोडीला उपचारांची सोय वाढविली. पुढें तेथें सुईवाटे मादक द्रव्यें घेणाऱ्यांतील एच.आय.व्ही.ची नवी लागण पुष्कळ घटली. तिचें श्रेय एकट्या कायद्याचें नव्हे; उपचारांचा त्यांत मोठा वाटा आहे.

आपल्या कायद्यांतहि ही वाट आहे, परंतु ती फार थोड्यांना ठाऊक असते. सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या आरोपांत सांपडलेला व्यसनी आपण होऊन सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेंत उपचारांस गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट सोडल्यास हें संरक्षण काढून घेतां येतें. पुण्यांत डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ 1986 सालीं, म्हणजे कायद्यानंतर अवघ्या वर्षानें, सुरू केलें. विक्रेत्याला धरणें हें पोलिसांचें काम. मुलाला वेळेवर उपचारांच्या दारापर्यंत नेणें हें घरच्यांचें. लपविण्यांत गेलेला प्रत्येक महिना तें दार दूर नेतो.