अडकलेले मेल

सकाळी ९.४५. भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात बाकीचे आपापला इनबॉक्स उघडतात, मी आधी क्वारंटाइन उघडते. फिल्टरने रात्रभरात संशयावरून अडवलेलं सगळं इथे साचतं. फसवा मेल आत शिरला तर निदान बोभाटा होतो. खरा मेल अडकला तर कुणाला पत्ताच लागत नाही. पाठवणारा निर्धास्त असतो आणि त्याची प्रवेशाची मुदत निघून जाते.

१०.३०. पवनी तालुक्यातल्या एका शाळेचं पत्र अडलंय. शाळेने मेलचा सर्व्हर बदलला, पण एसपीएफची नोंद जुनीच ठेवली. त्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा, याची ती यादी. मेलवर डीकेआयएमची डिजिटल सहीही नाही, मग डीमार्कची तपासणी कशाच्या आधारावर पास होणार? शाळेला फोन करून खात्री केली, पत्र सोडलं, नोंदीत काय बदलायचं तेही कळवलं.

१२.१५. लाखांदूरकडच्या एका मुलाचा फोन. ‘मॅडम, माझा मेल भेटला का?’ सेवा केंद्रातल्या भाऊंनी कागदपत्रांची झिप करून तिला पासवर्ड लावला होता. कुलूपबंद फाइल फिल्टरला आतून तपासता येत नाही, म्हणून तो ती थांबवतो. मुलाला साध्या पीडीएफ पाठवायला सांगितल्या. जेवणाच्या सुट्टीआधी त्या आल्या.

२.००. रोजचं दुखणं, कृतिदेव फॉन्ट. त्यातला मजकूर मेलमध्ये चिकटवला की फॉन्ट गळून पडतो आणि उरतात निरर्थक रोमन अक्षरं, ती फिल्टरला स्पॅम वाटतात. पॉल ग्रॅहम यांनी २००२ मध्ये शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची रीत मांडली, तिच्यामुळे असे शिकणारे फिल्टर सर्वदूर पोचले. पण फिल्टर शिकतो तो दाखवलेल्या नमुन्यांवरून. आपली मराठी, आपले अर्ज, आपली परिपत्रकं त्याच्यापुढे कुणी ठेवलीच नाहीत, तर तो त्यांना परकंच समजणार. म्हणून असा प्रत्येक मेल मी ‘स्पॅम नाही’ अशी खूण करून सोडते. कंटाळवाणं काम आहे, तरी मला ते दिवसातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

३.४०. प्राचार्यांच्या नावाने लेखापालांना मेल: ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, बिलाचे पैसे या नव्या खात्यात टाका.’ एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्ही तपासण्या पास! होणारच, कारण मेल ज्या जीमेल खात्यावरून आला, ते खरंच जीमेलचं आहे. त्या तपासण्या डोमेनची ओळख पटवतात, माणसाच्या हेतूची नाही. नाव प्राचार्यांचं आणि पत्ता बाहेरचा असेल तर मेल अडवायचा, हा आम्ही वेगळा घातलेला नियम इथे कामी आला. तरी मी लेखापालांच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं: खातं बदलायचा मेल आला तर आधी सरांना त्यांच्या नेहमीच्या नंबरवर विचारायचं, पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा.

५.२०. क्वारंटाइन पुन्हा एकदा पाहिलं. साकोलीहून आलेला एक शिष्यवृत्तीचा अर्ज होता, तो सोडला.