मोऱ्याच्या तिवरांचा पांढरा फोटो

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रेडिओवरून फोटोविषयी बोलायला बसलो आहे, म्हणजे तुम्हाला दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. पण ज्या फोटोंविषयी मी बोलणार आहे ते काढताना मलाही काही दिसत नसतं. तेव्हा तुम्ही आणि मी एकाच पायरीवर आहोत.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसलं की साधारण तासाभरात उरण तालुक्यातलं मोरा बंदर येतं. ओहोटी फार असेल तर लाँच धक्क्याला लागत नाही, कारण इथं गाळ साचतो. तो गाळ प्रवाशांना नकोसा आणि तिवरांना हवासा. किनाऱ्याला, खाडीच्या फाट्यांना जिथं मोकळीक मिळाली तिथं तिवरं उभी आहेत. पुस्तकात त्यांना खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात. निवृत्तीनंतर मी उरणला राहायला आलो आणि या तिवरांचे इन्फ्रारेड फोटो काढायचा नाद लागला. त्या फोटोत पाणी काळं, आकाश काळं आणि तिवरांची पानं पांढरी शुभ्र येतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, "मोऱ्याला बर्फ कधी पडला?"

ही जादू नव्हे. सूर्यप्रकाशात तांबड्याच्या पलीकडेही किरण असतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून प्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पुढं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढला. हे अवरक्त किरण. आपल्या डोळ्याची धाव सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंत. मी वापरतो ती रोलाय इन्फ्रारेड फिल्म सुमारे ८२० पर्यंत पाहते. तिच्यापुढं ७२० च्या आतलं सगळं अडवणारा जवळजवळ काळा फिल्टर लावायचा. उरली १०० नॅनोमीटरची अरुंद खिडकी. आमचं सगळं चित्र त्या खिडकीतून येतं. इथं एक गैरसमज दूर करतो. या फिल्मवर माणसाच्या अंगातली ऊब किंवा तापलेलं इंजिन दिसत नाही. ते किरण फार पुढचे. आमची फिल्म पाहते ते उन्हातलेच, वस्तूवरून उलटून आलेले किरण.

पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश खातं, हिरवा थोडा परत पाठवतं. अवरक्त मात्र त्याला नको असतो. तो पानाच्या आत शिरतो, तिथल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत राहतो आणि जवळजवळ निम्मा बाहेर फेकला जातो. म्हणून पान उजळतं. पाणी हे किरण गिळतं, म्हणून काळं दिसतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले. या पांढऱ्या पानांना त्यांच्यावरूनच 'वुड इफेक्ट' म्हणतात. झाडाच्या लाकडाशी त्या नावाचा संबंध नाही, ही गंमत मलाही उशिरा कळली.

आता काम. मी आयुष्यभर गिरगावातल्या एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होतो. शीट फिल्म, म्हणजे रिळाऐवजी एकेक सुटा तुकडा, माझ्या हातातली. पण तिथली लिथ फिल्म तांबड्या दिव्याला आंधळी असते. तांबड्या उजेडात आम्ही चहा पीत फिल्म धुवायचो. इन्फ्रारेड फिल्मची कथा बरोबर उलटी. तांबडा दिवाच तिचा वैरी. कोणताच दिवा चालत नाही, चमकत्या आकड्यांचं घड्याळसुद्धा मी रुमालाखाली झाकतो. चार बाय पाच इंचाची शीट अंधारात चाचपायची. ती उभी धरून कोपऱ्यातली खाच वर उजव्या हाताला लागली की इमल्शनची बाजू आपल्याकडे, एवढीच खूण. हे मी रात्री, न्हाणीघराच्या दाराला चादर लावून करतो. मे महिन्यात घामाचा एक थेंब पडला की ती शीट गेली.

फिल्म फ्रीझरमध्ये ठेवावी लागते, उष्णतेनं ती आपोआप धुरकटते. बाहेर काढल्यावर लगेच पाकीट फोडलं तर उरणच्या दमट हवेत तिच्यावर दव धरतं. म्हणून आदल्या दुपारी काढून बंद पाकिटातच निवू द्यायची. गार वस्तूला 'निवू' म्हणणं चूक, पण आमच्या घरात हाच शब्द रुळला आहे.

पहिल्या फेरीत माझ्या चार शीट वाया गेल्या. कडेनं राखाडी पट्टे, मधे ढग. वाटलं, धुताना चुकलो. पुन्हा तेच. होल्डर जुन्या बाजारातले होते, पण साध्या फिल्मवर चोख काम देत होते, म्हणून त्यांच्यावर संशय जाईना. शेवटी एक शीट भरून होल्डर न उघडता दहा मिनिटं उन्हात ठेवला आणि ती धुतली. पट्टे हजर! होल्डरची सरकती झाकणं एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची होती. डोळ्याला ती ठार काळी, पण पातळ एबोनाइटमधून अवरक्त किरण आरपार जातात. आपण ज्याला अंधार म्हणतो तो या फिल्मसाठी अंधार असेलच असं नाही. कॅमेऱ्याचा भाता, फिल्म बदलायची काळी पिशवी, प्लास्टिकची टाकी, सगळ्यांची अशीच परीक्षा घ्यावी लागते. मी आता धातूच्या झाकणांचे होल्डर वापरतो आणि जागेवर पोहोचेपर्यंत पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये ठेवतो.

फोकसचंही तेच. काचेच्या पडद्यावर दिसणारं चित्र डोळ्याच्या प्रकाशाचं. अवरक्त किरण भिंगातून गेल्यावर किंचित मागं एकत्र येतात. जुन्या जाणत्यांचा ठोकताळा असा की भिंग त्याच्या फोकल लेंग्थच्या पाव टक्का पुढं सरकवायचं. माझं भिंग १५० मिलिमीटरचं, म्हणजे सरकवायचं अर्धा मिलिमीटरही नाही. पोस्टकार्डाच्या जाडीहून थोडं जास्त. काळा फिल्टर लावल्यावर पडद्यावर काही दिसतच नाही, त्यामुळे आधी जुळवायचं, मग हलक्या हातानं फिल्टर चढवायचा आणि एफ २२ पर्यंत छिद्र बारीक करून उरलेली चूक पोटात घालायची.

छिद्र बारीक म्हणजे वेळ जास्त. फिल्मच्या डबीवर आकडा ४०० चा, पण या फिल्टरसकट ती ६ किंवा १२ असल्यासारखी वागते. मीटरवर भरवसा नाही, तो दिसणारा प्रकाश मोजतो. सकाळ-संध्याकाळ, ऊन आणि ढग यांच्याबरोबर अवरक्ताचं प्रमाण बदलतं. म्हणून एकाच दृश्याच्या तीन शीट: पाव सेकंद, अर्धा, एक. एवढ्या वेळात वारा आला की पानं पिसासारखी फिसकटतात आणि तिपाई चिखलात हळूच रुतते. मी तिच्या पायांखाली फळीचे तुकडे ठेवतो. पावसाळ्यात प्रयत्नच करत नाही, ऑक्टोबरअखेर ऊन स्वच्छ झालं की सुरुवात. समोरचं घारापुरी बेट निळसर धुक्यामागं असलं तर या फिल्मवर ते स्पष्ट येतं, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. हवेच्या सूक्ष्म कणांनी आलेली निळाई खरोखर कापली जाते. जानेवारीतल्या सकाळची धूळ-धुरकट मात्र जाड कणांची, तिच्यापुढं ही फिल्मही हात टेकते.

आणखी एक अडचण पुस्तकात नसते. मोरा, करंजा हा भाग बंदराचा आणि नौदलाचा शेजार. काळं कापड डोक्यावर घेऊन तिपाईशी उभा असलेला म्हातारा कुणाला साधा वाटणार? मी आधी विचारतो, कुठं बंदी आहे ते पाळतो आणि भिंग नेहमी तिवरांकडे ठेवतो.

धुण्याचं पाणी हा वेगळाच अध्याय. डेव्हलपरला २० अंश हवे, आमच्या नळाला २८-३० अंश. मग मी कोळीवाड्यातून मासळीचा फोडलेला बर्फ आणतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बर्फवाल्या मावशींनी विचारलं, "काका, मासळी कुठंय?" म्हटलं, "मावशी, फोटो ठेवायचेत." त्या हसल्या, पण तेव्हापासून माझा बर्फ बाजूला काढून ठेवतात. मोठ्या परातीत बर्फ, त्यात ट्रे. बर्फ औषधात पडू द्यायचा नाही. आणि डेव्हलपर गार पण धुण्याचं पाणी गरम, असंही चालत नाही. तापमानाच्या धक्क्यानं इमल्शन सुरकुततं. म्हणून फिक्सर, पाणी, सगळंच जवळपास सारखं ठेवायचं. एका वेळी दोनच शीट. आधी साध्या पाण्यात एकेक भिजवायची, नाहीतर एकमेकींना चिकटतात. मग खालची वर, खालची वर, नखं कापलेल्या बोटांनी, मनात सेकंद मोजत.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्या घरातून नेहमी विचारलं जातं. कोडॅकची प्रसिद्ध हायस्पीड इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली, क्रोएशियातल्या कारखान्याची एफके २०१२ मध्ये गेली. आता डिजिटल कॅमेऱ्यातही हे जमतं, उपग्रह तर रोज करतात. आपल्याकडे डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड रंगीत फिल्म वापरून नारळाच्या रोगट बागा शोधल्या. भारताच्या दूरसंवेदनाची ती सुरुवात मानतात. १९८८ मध्ये गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही ७७० ते ८६० नॅनोमीटरचा पट्टा होता, माझ्या फिल्मचा सख्खा शेजारी. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये राज्यभरातली तिवरतोड थांबवली आणि उपग्रहाच्या मदतीनं त्यांचे नकाशे करायला सांगितलं, तेव्हा कामी आले ते असेच किरण.

पण उपग्रहाला वरून शेंडे दिसतात. माणसाच्या उंचीवरून, खोडं, मुळं आणि चिखलासकट, एका ठरलेल्या जागेवरून वर्षानुवर्षं काढलेला फोटो ही वेगळी नोंद आहे, आणि चार बाय पाचच्या निगेटिव्हवर पान न् पान मोजता येतं.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका निगेटिव्हनं मला अस्वस्थ केलं. फाट्याच्या डाव्या हाताला वीसेक झाडांचा पुंजका पांढरा न येता मळकट राखाडी आला. डोळ्याला ती झाडं हिरवीच दिसली होती. लगेच निष्कर्ष काढला नाही. सावली असेल, पानांवर चिखल बसला असेल, माझा वेळ चुकला असेल. पण त्याच शीटवर शेजारची तिवरं शुभ्र होती. चार दिवसांनी ऊन दुसऱ्या बाजूनं असताना पुन्हा दोन शीट खर्च केल्या. पुंजका राखाडीच. मग ओहोटीला आत चालत गेलो. तिथं भरतीचं पाणी येण्याची चिंचोळी वाट मातीच्या भरावानं बुजली होती. आतल्या डबक्याला वास येत होता, जवळ गेल्यावर कित्येक पानांच्या कडा पिवळ्या दिसल्या. पाणी अडल्यामुळेच झाडं खंगली हे एका फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही. भराव कुणी टाकला तेही मला ठाऊक नाही. निगेटिव्हचे ठसे, तारखा आणि जागेची खूण यांचा कागद करून संबंधित कार्यालयात दिला. पोच मिळाली आहे.

तिपाईच्या तीन पायांच्या जागी मी विटांचे तुकडे पुरून ठेवले आहेत. फ्रीझरमध्ये सहा शीट उरल्या आहेत. त्यातल्या तीन त्या पुंजक्यासाठी राखल्या आहेत, पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या चांगल्या उन्हाच्या.