पहिली सागरसफर : आधी महिना, मग वाट, मग बोट

देवळी तालुक्यातले एक कास्तकार गृहस्थ परवा बाजाराच्या दिवशी भेटले. म्हणाले, "भाऊ, औंदा उलंगवाडी झाली का मायले समुद्र दाखवाचा हाये. पंढरपूर झालं, शेगाव झालं, माहूर दोन डाव झालं. समुद्र तेवढा राह्यला." मुलाने मोबाइलवर मोठ्या क्रूझ बोटीची जाहिरात दाखवली होती. त्यावरून एका एजंटाला गाठून त्यांनी चिठ्ठीही लिहून आणली होती. पाच माणसे, चार रात्री, मुंबईहून लक्षद्वीप, महिना मे, आणि पैसे आठ दिवसांत भरायचे.

चिठ्ठी वाचून आम्ही त्यांना म्हटले, थोडे थांबा. बेत वाईट नव्हता. सत्तरीच्या माउलीला समुद्र दाखवायचा यापेक्षा चांगला बेत कोणता? पण चिठ्ठीत महिना चुकला होता, वाट चुकली होती आणि भाड्याचा आकडाही अर्धाच होता. वाचकहो, तुमच्याही घरात असा बेत शिजत असेल, म्हणून त्यांना जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

जाहिरात आधी बोट दाखवते. झगमगते दिवे, पोहण्याचा हौद, नाचगाणी. आपण मात्र उलटीकडून सुरुवात करावी. पेरणी करताना आपण आधी बियाण्याची पिशवी पाहत नाही, पाऊस पाहतो. इथेही तसेच. आधी महिना ठरवावा, मग वाट, आणि बोट शेवटी.

महिन्याला दोन बाजू आहेत, आपल्या शेताची आणि समुद्राची. ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा. आर्वी-कारंजाकडच्या संत्रावाल्यांचा बहार आणखी वेगळा. म्हणजे होळीच्या आधी घरातली चारपाच माणसे एकदम बाहेर काढणे कठीण. समुद्राचे पंचांग याहून निराळे. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च बहुधा शांत असतो. एप्रिलनंतर वारा वाढतो आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात भरवसा उरत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ नावाचा कामगारांचा मोठा तराफा बुडाला आणि अनेक जीव गेले. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला धडकले. क्रूझ बोटी अशा वेळी निघतच नाहीत, फेरी रद्द करतात किंवा वाट बदलतात. पण मग वर्ध्याहून मुंबईपर्यंत केलेला खर्च आणि मायची हौस दोन्ही धक्क्यावरच राहतात.

दोन्ही पंचांगे एकावर एक ठेवून पाहा. होळीनंतरचा मार्च महिना आणि फार तर एप्रिलचा पहिला पंधरवडा, एवढीच फट दोन्हींकडे मोकळी सापडते. शाळेच्या परीक्षा आड येतात हे खरे. त्याला आमच्याकडे उपाय नाही. ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी मार्च धरावा, इतरांनी एप्रिल.

पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये ही कोकणातल्या जाणत्यांची जुनी शिकवण आहे, तिच्यामागे रडकथाही आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दिव्याच्या अवसेसाठी घरी निघालेले चाकरमानी होते बिचारे. आजही गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या साध्या लाँचा पावसाळ्यात बंद असतात.

कोकणी माणसाला बोटीचे अप्रूप नाही. मुंबई ते पणजी या मार्गावर 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' अशा बोटी होत्या, आणि वाटेतल्या बंदरांत उतरण्यासाठी पडाव लागायचे. ती गरजेची बोट होती, एस.टी.सारखी. रस्ते झाले, रेल्वे आली, ती बोट गेली. आताची क्रूझ बोट गावाला पोचवत नाही, तिच्यावर राहणे हीच सहल. हा फरक ध्यानात घेतला नाही तर माणूस बोटीवर दुसऱ्या दिवशी विचारतो, "गाव केव्हा येणार?"

आता वाट. मुंबईहून निघणाऱ्या फेऱ्या साधारण चार जातीच्या. एक, नुसती समुद्रात फिरून दोन रात्रींनी मुंबईलाच परत येणारी. दुसरी, गोव्याला जाऊन येणारी. तिसरी, गोव्याला सोडून देणारी. चौथी, लक्षद्वीप किंवा कोचीपर्यंतची लांबची.

पहिल्या वेळेला आमचे मत गोवा जाऊन-येऊन या फेरीला. नुसत्या समुद्रातल्या फेरीत कुठे उतरायचे नसते, आणि पाण्याची सवय नसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोंडल्यासारखे होते. गोव्याला बोट मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. दिवसभरात मंगेशी किंवा जुन्या गोव्याचे चर्च पाहून परत बोटीवर येता येते. एकतर्फी तिकीट स्वस्त दिसते म्हणून भुलू नका, गोव्याहून वर्ध्याला परतायची सोय तुमची तुम्हाला करावी लागते आणि ती वाट आडवळणाची आहे.

लक्षद्वीप फार सुंदर, यात शंका नाही. पण तिथे मोठी बोट बेटाला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना लहान होडीत उतरून बेटावर जावे लागते. हलत्या होडीत पाय टाकणे म्हणजे चालत्या बैलगाडीत चढण्यासारखे. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला ते झेपत नाही, आणि लाट असली तर उतरवणेच रद्द होते. मग चार रात्रींचे पैसे भरून बेट लांबूनच पाहायचे. आमच्या कास्तकार मित्राच्या चिठ्ठीतली मोठी चूक हीच होती. जाहिरातीत बेट दिसले, होडी दिसली नाही.

कुणाला अंदमानची ओढ असेल, सेल्युलर जेल पाहावेसे वाटत असेल. चेन्नईहून तिकडे सरकारी बोटी जातात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, गाठायला सुमारे अडीच-तीन दिवस लागतात. आपल्या सेवाग्राम-हिंगणघाट-बल्लारशा लाइनने चेन्नई सरळ पडते, हा फायदा. पण ती क्रूझ नव्हे, प्रवासी बोट आहे. ती दुसऱ्या खेपेला ठेवावी.

महिना आणि वाट ठरली की बोटीची निवड फारशी उरतच नाही. कॉर्डेलिया कंपनीने २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून 'एम्प्रेस' ही बोट सुरू केली. बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, अकरा मजली, सुमारे आठशे खोल्यांची. पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळतो म्हणून कंपनीने २०२३ च्या जूनपासून चेन्नईहून श्रीलंकेची फेरी काढली. त्या फेरीला पासपोर्ट लागतो, आणि ऐन पेरणीत आपल्याला तिचा उपयोग शून्य. परदेशी कंपन्याही अधूनमधून येतात. इटलीच्या कोस्टा कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात एक बोट मुंबईला आणून थोडे दिवस चालवली. आणि वाराणसीहून २०२३ च्या जानेवारीत निघालेल्या 'गंगा विलास'बद्दल तुम्ही वाचले असेल. ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर, थेट दिब्रुगडपर्यंत. ते वाचायलाच बरे, एवढे दिवस गोठ्यातली जनावरे कुणाच्या भरवशावर सोडणार?

इथे एक सावधगिरी. हा धंदा आपल्याकडे अजून रुजलेला नाही. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, ती पुढे थांबली. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'जलेश' कंपनीची 'कर्णिका' आली आणि करोनाच्या तडाख्यात २०२० मध्ये कंपनीच बंद पडली. म्हणून वर्षभर आधी पूर्ण पैसे भरून ठेवू नका. फेरी रद्द झाली तर रोख परत मिळतात की पुढच्या फेरीची नुसती चिठ्ठी मिळते, हे लेखी घ्या. पीककर्जाचे किंवा उधारीचे पैसे तर या वाटेला लावूच नका.

भाड्याचा हिशोब चुकाऱ्याच्या पट्टीसारखा वाचावा, खालच्या बारीक ओळींसकट. जाहिरातीत 'माणशी इतके' लिहिलेले असते, ते एका खोलीत दोन माणसे धरून, आणि बिनखिडकीच्या आतल्या खोलीचे. त्यावर बंदराचा आकार, जीएसटी आणि कामगारांची बक्षिसी वेगळी. आमच्या मित्राच्या चिठ्ठीत हे तिन्ही नव्हते. एजंटाला फोन करून "सगळे धरून एकूण किती?" असे विचारायला लावले तेव्हा गडी काही वेळ गप्पच झाला.

शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ या दिवसांत भाडे चढते. शहरातल्या नोकरदाराला तेच दिवस मोकळे असतात. आपल्याला रविवारची सुट्टी कुणी देत नाही, तेव्हा निदान इथे तरी त्याचा फायदा घ्या आणि सोमवार ते गुरुवारची फेरी धरा.

खोली कोणती घ्यावी? आतली खोली स्वस्त, पण तिला उजेड नाही. रात्री झोपण्यापुरती ती वाईट नाही, दिवसभर माणूस वरच्या मजल्यावरच असतो. मायसाठी मात्र एक खिडकीवाली खोली घेता आली तर घ्यावी. पहाटे चारला उठणारे माणूस ते, उजाडेपर्यंत काय भिंत पाहील? खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागावी. टोकाला आणि उंचावर हेलकावे जास्त बसतात, बैलगाडीत मागच्या टोकाला बसणाऱ्याला दणके बसतात तसे.

पाणी लागणे, म्हणजे बोटीत मळमळणे, याची आधीच परीक्षा घेता येते, आणि ती स्वस्तात. मुंबईला एक दिवस आधी पोचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी मोठी रो-रो बोट २०२० च्या मार्चपासून सुरू झाली. साधारण तासाभराचा प्रवास, काही शे रुपयांत जाऊन-येऊन होते. घरात कुणाचे पोट ढवळते ते तिथेच कळेल. ज्याला एस.टी.त घाटात उलटी होते त्याने गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे, रक्तदाबाची औषधे चालू असतील तर अवश्य. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मळमळले तर खोलीत पडून न राहता वर मोकळ्या हवेत येऊन दूर पाणी-आभाळ मिळते त्या रेषेकडे पाहावे.

जेवण भाड्यात धरलेले असते. शाकाहारी मिळते, आधी सांगून ठेवले तर बिनकांदा-लसणाचेही. घरची चटणी-भाकर बहुधा बोटीवर नेऊ देत नाहीत, ती रेल्वेपुरती बांधा. बोटीवर दारू आणि जुगाराचा अड्डा दोन्ही असतात, हेही सांगून ठेवतो. आपला जिल्हा १९७४ पासून कागदोपत्री तरी दारूबंदीचा, तेव्हा बरोबरच्या मंडळींना आधीच काय ती समज द्यावी. बोटीवरचा जादा खर्च रोखीने होत नाही, खोलीच्या खात्यावर चढत जातो आणि शेवटच्या दिवशी एकदम पुढे येतो. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते. गावात कुणाला तरी तसे कळवून जा, नाहीतर इकडे काळजीने जीव टांगणीला लागेल.

चढल्यावर सर्वांना एकत्र बोलावून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि कुठे जमायचे ते दाखवतात. तेव्हा फोटो काढत बसू नका, नीट पाहा. गरोदरपणाचे सहा महिने उलटलेल्या बाईला आणि अगदी तान्ह्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र बरोबर हवे, आणि आधारवरचे नाव तिकिटावरच्या नावाशी जुळायला हवे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या कागदांवर एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे असते, ती गोष्ट महिनाभर आधी निस्तरावी.

वर्ध्याहून मुंबई साडेसातशे किलोमीटर. रात्रीच्या गाडीने निघालात की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. पण त्याच दिवशी दुपारी बोट असेल असे तिकीट काढू नका. गाडी कसाऱ्याला अडकली तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही.

हा सगळा हिशोब मांडला तेव्हा तीन रात्रींच्या सफरीला घरातून सात दिवस जातात असे निघाले. आमचे मित्र गंभीर झाले. दोन बैल, एक गाय, आणि पाचही माणसे बाहेर. शेवटी पुलगावचे साळे येऊन राहतील असे ठरले. चिठ्ठीवरचा मे खोडून त्यांनी मार्च लिहिला, लक्षद्वीप खोडून गोवा लिहिले. मायला तिकिटापेक्षा दुसरीच काळजी होती. एकादशी त्याच आठवड्यात येते का, आणि बोटीवर साबुदाणा मिळेल का, हे विचारायला तिने मुलाला परत पाठवले. कंपनीला विचारून कळवतो, असे त्याला सांगितले आहे.